जावाहून आलेले

१२ सप्टेंबर १९४६, गुरुवार

बऱ्हाणपूर आवडलं. धुळ्याहून निघताना सासूबाई कुरकुरल्या होत्या, पितृपक्षात कोणी नव्या गावी बिऱ्हाड मांडतं का म्हणून. पण इथल्या मुलींच्या शाळेला मास्तरीण आत्ताच हवी होती, आणि मलाही घरात बसून पोस्टमनची वाट बघायचा कंटाळा आला होता. स्टेशनपासून टांगेवाला अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलत आला. वाटेत तापीवर झकास वारा लागला.

खोली राजपुऱ्यात, माडीवर आहे; जिना वेगळा, त्याचं दार थेट गल्लीत उघडतं. दोन खिडक्या. एकीतून गल्ली दिसते, दुसरीतून परस आणि आड. शेजारीपाजारी सगळे विणकर, त्यामुळे दिवसभर मागांची खटखट चालते. मला ती आवडली. घरमालकीण मालूबाईंनी पाटावर बसवून गरम मावा-जिलबी वाढली. तिसरी मागून घेतली तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

१५ सप्टेंबर, रविवार

आज ह्यांचं पत्र आलं. नाव घ्यायला उखाणा लागतो, पण रोजनिशीत कोण ऐकतंय! प्रकाश. माझे प्रकाशराव लष्करात क्लार्क आहेत. बेचाळीस साली गेले ते ब्रह्मदेश, मलाया करत आता जावा बेटावर. लढाई संपून वर्ष झालं. जपानी शरण गेले, तिथल्या लोकांनी आपण स्वतंत्र झालो म्हणून जाहीर केलं, आणि जुन्या डच सरकारचा पुन्हा जम बसेपर्यंत इंग्रजांनी आपली पलटण तिथे नेऊन उभी केली. आम्ही इकडे स्वातंत्र्य मागायचं आणि आमच्या माणसांनी तिकडे ते मागणाऱ्यांवर बंदुका रोखायच्या! हे लिहितात, "कुसुम, चार वर्षांत मी एकही गोळी झाडलेली नाही. माझं शस्त्र टाइपरायटर."

मालूबाईंचा एकुलता एक निंबाही त्याच पलटणीत शिपाई आहे. हे कळल्यावर मी त्यांना मावशीच म्हणू लागले. त्यांचे यजमान शालिग्रामबाबा पहिल्या मोठ्या लढाईत बसऱ्याला होते. सबंध दिवस ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसतात. परसात म्हणून कधी येत नाहीत.

परसात भिंतीला लागून ओळीने अकरा तांबे पाण्याने भरून ठेवलेले असतात. पितरांसाठी असणार.

२२ सप्टेंबर, रविवार

आमच्या शाळेचे दत्तात्रय मास्तर उत्साही गृहस्थ आहेत. दिल्लीत आता आपली माणसं सरकारात बसली आहेत, तेव्हा जावामधली फौज परत बोलवा असा अर्ज धाडायचा, आणि त्यावर शिपायांच्या घरच्यांच्या सह्या घ्यायच्या, असा त्यांचा बेत आहे. राजपुरा माझ्याकडे दिला. दोन तासांत एकोणीस सह्या आणि अंगठे! एका म्हातारीने तर दोन्ही हातांचे अंगठे उठवले.

मालूबाईंनी मात्र नाही म्हटलं. मला वाटलं, कागदाची भीती वाटत असेल. वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला आणि म्हणाल्या, निंबा तिथंच बरा.

आई असं म्हणते? मी वर आले आणि जेवणच गेलं नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

काल सर्वपित्री झाली. आज घट बसले. परसात अकरा तांबे तसेच भरलेले.

५ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्याची सुटी आहे म्हणून दुपारी खिडकीशी वह्या तपासत बसले होते. ऊन रणरणत होतं, परसात चिटपाखरू नव्हतं. तांब्यांकडे सहज लक्ष गेलं. पहिल्या तांब्यातलं पाणी खाली जात होतं. सांडत नव्हतं, झिरपत नव्हतं. माणूस घोट घेतो तसं, थांबून थांबून. मग दुसऱ्यातलं. अकरावा रिकामा झाल्यावर मालूबाई आल्या आणि सगळे उचलून घासायला बसल्या.

खाली जाऊन विचारलं. त्या राख लावत होत्या, हात थांबला नाही. बोलल्या ते जसंच्या तसं उतरवते:

"येतात ते लढाईवरून, बाई. पण एकटे नाही येत. हा बसऱ्याहून आला तवा मी सोळा वर्साची. गल्लीनं ढोल वाजवला. तिसऱ्या दिशी दुपारी परसात गेली तं अकरा माणसं उभी. लांब अंगरखे, ओठ फुटलेले. एकानं ओंजळ केली. मी पाणी घातलं. मंग रोज."

मी विचारलं, बाबांना दिसत नाहीत?

"नाही दिसत. इकडं यायची हिंमत नाही, इतकंच. मानसानं आणलेलं सारं बाईलेच ठेवा लागते नं."

मला का दिसले नाहीत, तर ते त्यांच्या घरचे आहेत. आणि एक गोष्ट मला दोनदा बजावली: पाणी बाहेरच द्यायचं, उंबऱ्याच्या आत कोणाला घ्यायचं नाही. मुकाट्याने उभे राहतात, दारातून बाई बाजूला झाली तरच आत येतात. आणि आत आले की ते पाण्यासाठी येत नाहीत, ज्याच्या मागे आले त्याच्यासाठी येतात.

म्हणून त्या सही करत नव्हत्या. तो तिथंच राहिला तं त्यानं मारलेले त्यांच्याच मुलखात राहतीन, म्हणाल्या.

१३ ऑक्टोबर, रविवार

आठ दिवस विचार केला. मला हे खरं वाटतं का? पाणी मी डोळ्यांनी पाहिलं. बाकीचं ठाऊक नाही. पण आज मी एक गोष्ट केली, तिची थोडी लाज वाटते. मालूबाईंना त्यांच्याच हिशेबाने गाठलं. म्हटलं, मावशी, निंबा तिथे जितके दिवस राहील तितके तांबे वाढतील. आज बोलावलं तर दोन असतील, वर्षाने बोलावलं तर वीस.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, "हे मले कोणी सांगलंच नव्हतं व माय." आणि कागदावर अंगठा दिला. इतका दाबून की पुढच्या पानावरही उमटला.

मी मनात म्हटलं, आपल्याला काय भीती, ह्यांनी तर गोळीच झाडलेली नाही.

२४ ऑक्टोबर, दिवाळी

पेपरात आलं! नोव्हेंबरअखेर जावामधून आपली सगळी फौज निघणार. आमच्या अर्जामुळे असं कोण म्हणेल, पण दत्तात्रय मास्तर गल्लीभर तसंच सांगत फिरले. मालूबाईंनी आज परसात पणत्या लावल्या. अकरांच्या पुढे दोन नवे तांबे आणून ठेवले. पितळी, कोरे. निंबाचे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

तार आली. मीच वाचली. निंबा चौदा तारखेला मारला गेला. पलटण बोटीवर चढायला सहा दिवस उरले होते. बंदराच्या वाटेवर पहारा देत होता.

मालूबाई रडल्या नाहीत. ते दोन कोरे तांबे उचलून मांडीवर घेऊन बसल्या. संध्याकाळी मला विचारलं, "आता तिकडं कोनाच्या परसात तो पानी मागत असंन? ती बाई त्याले देईन का व?"

मी म्हटलं, देईल.

शालिग्रामबाबांना सांगितलं तेव्हा ते रस्त्याकडेच बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, पोरगं चांगलं होतं. एवढंच.

२७ डिसेंबर, शुक्रवार

हे आले! अंगाने भरलेत. माझ्यासाठी तिकडचं नक्षीचं कापड आणलं, तपकिरी, मेणाने रंगवलेलं. गल्लीतल्या पोरी बघायला जमल्या. मालूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. ह्यांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि निंबाबद्दल बोलायला गेले, तर त्यांनी ह्यांच्या तोंडावर हात ठेवला.

चार वर्षांनी ह्यांना जेवताना पाहिलं. भाकरीचा पहिला तुकडा मोडताना ह्यांचे डोळे भरून आले. दोन महिन्यांची रजा आहे. मग नोकरी सोडायची, इथेच कुठे शाळेत चिकटायचं असं ठरवलं आहे.

२९ डिसेंबर, रविवार

तिसरा दिवस. दुपारी मुद्दाम परसात गेले नाही. खिडकीतूनही बघितलं नाही.

मग बघितलं. कोणी नव्हतं. मालूबाईंचे अकरा तांबे, बस. मी हसले आणि मग रडले.

नंतर गल्लीकडच्या खिडकीची काच पुसायला गेले.

गल्लीत उभे होते.

३० डिसेंबर

चाळीसपर्यंत मोजले. पुढे वळणाआड रांग जाते. विणकर त्यांच्यामधून ये-जा करतात, कोणाला काही दिसत नाही. पुरुष थोडे. बाया जास्त. एका म्हाताऱ्याच्या काखेत कोंबडी. अंगावर त्या कापडासारखीच नक्षी. केस जळालेले. वास इथवर येतो, ओल्या राखेचा.

मालूबाईंना सांगितलं. त्यांना दिसत नाहीत. माझ्या घरचे आहेत.

खाली जिन्याच्या दाराशी गेले, तर पहिल्या बाईने ओंजळ पुढे केली. मी पाणी घातलं.

१ जानेवारी १९४७

ह्यांना विचारलं. तुम्ही गोळी झाडली नाहीत ना? नाही म्हणाले. मग तिकडे कुठलं गाव जळलं का, ते विचारलं.

ह्यांनी आधी खिडकी लावून घेतली. मग सांगितलं. आपले चार जवान एका खेड्याजवळ मारले गेले होते. साहेबांनी त्या खेड्याला आग लावायचा हुकूम सांगितला, ह्यांनी टाइप केला. पंधरा ओळी. नदीच्या दोन्ही काठांना जवळजवळ एकाच नावाची गावं होती. ह्यांनी दुसऱ्या काठाचं लिहिलं. संध्याकाळी लक्षात आलं, तोवर झालं होतं. साहेब म्हणाला, राहू दे.

"नावं सारखीच असतात गं तिकडे," म्हणाले. हसायचा प्रयत्न केला. मग माझा हात धरला, आणि सोडेचनात.

मी विचारलं, किती घरं होती? ते हुकुमात लिहायचं नसतं, म्हणाले.

३ जानेवारी

शाळेला गेले नाही. सकाळपासून पोहरा ओढते आहे. मालूबाई न विचारता सोबत ओढतात, मी कुठे ओतते ते त्यांना दिसत नाही तरी. गल्ली ओली झाली म्हणून शेजारचे ओरडले.

हे म्हणतात, तुला ताप आहे. डॉक्टर आणतो.

५ जानेवारी

रांग संपत नाही. पाणी प्यायलेले जात नाहीत. बाजूला होऊन भिंतीशी उभे राहतात. मालूबाईंचे अकराही नाही गेले कधी. सत्तावीस वर्षं.

मी त्यांना म्हटलं, मावशी, मीच बोलावलं ह्यांना. सह्या घेत हिंडले. फौज तिथेच राहिली असती तर —

त्या म्हणाल्या, तर आणखी एक गाव.

दोन्ही खरं आहे. दोन्हीकडे वाट नाही.

७ जानेवारी

दोर कमी पडला. दुसरा जोडला. पोहऱ्यात गाळ.

मालूबाईंनी आज अकराही तांबे माझ्याकडे आणले. म्हणाल्या, माझे आज तहानलेले राहतीन, तुझी लेकरं आहेत त्यात. लेकरं आहेत हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

८ जानेवारी, दुपार

आड आटला.

हातांनी खूण केली त्यांना — नाही, संपलं. कोणी हललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आता सगळे माझ्या खांद्यावरून आत बघतात. हे वर खाटेवर झोपलेत. उठवून सांगू? काय सांगू? हे निष्पाप आहेत असं — मला म्हणताच येत नाही. हे वाईट आहेत असंही नाही.

जिन्याच्या दाराच्या उंबऱ्यात बसून लिहिते आहे. दार माझ्या अंगाने अडलं आहे, बस, एवढंच आहे आता.

पुढे एक मुलगी आली आहे. पाच-सहा वर्षांची. पाणी मागत नाही. मालूबाई आडापासून ओरडताहेत, कुसुम, सरू नको, सरू नको व माय —

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. वाटलं होतं थंड असेल. नाही. कढत आहे, तापातल्या पोरीचा असतो तसा. इतक्या तापल्या पोरीला उन्हात कसं —

मी जरा बाजूला