हुसेनभाईंनी खाल्लेल्या चार डच गोळ्यांबाबत

प्रति,
मा. अन्न तपासणी अधिकारी साहेब,
जिल्हा कार्यालय, जालना.

अर्जदार : परमेश्वर बिरू खरात, वय ६४, धंदा शेती व मेंढरे, रा. वाटूर, ता. परतूर.

विषय : हॉलंड देशातील तळलेले बिटरबॉल हलाल आहेत किंवा कसे, याचा लेखी दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदार दोन वेळा आपल्या खिडकीवर समक्ष येऊन गेला, ते.

महोदय,

१. विनंतीपूर्वक सादर करण्यात येते की, अर्जदाराचा मुलगा प्रेम हॉलंडात टोमॅटोच्या कामावर आहे. दसऱ्यानंतरच्या रविवारी तो गावी आल्ता. त्याने सोबत आणलेला डबा फोडून आतल्या घट्ट रश्शाचे गोळे वळले, ब्रेडच्या चुऱ्यात घोळून तळले. दिसायला हुबेहूब बटाटेवडा. आत काय आहे हे अर्जदाराने विचारले नाही, ही चूक त्याची एकट्याची आहे.

२. हुसेनभाई मुलाणी हे अर्जदाराचे चाळीस वर्षांचे दोस्त. अर्जदाराच्या घरी पिराच्या कंदुरीचे बकरे असो की पाहुण्यांसाठी कोंबडी, सुरी हुसेनभाईच फिरवतात. बापाच्या काळापासून तीच रीत, म्हणजे पंगतीला हिंदू-मुसलमान कोणीही बिनघोर बसावे. त्यामुळे या घरात ताटात काय आहे याची चौकशी हुसेनभाईंनी आजवर केली नाही.

३. त्या दिवशी अर्जदाराने स्वतःच्या हाताने, "घ्या भाई, घरचंच हाय," म्हणून चार गोळे वाढले. चौथा खाऊन हुसेनभाई थबकले. म्हणाले, "कोंबडी कवा कापली? मला तर बलावलं न्हाई." मंग प्रेमने डब्यावरची डच भाषा मोबाईलवर वाचली : कोंबडी, मैदा, लोणी, जिलेटीन. कोंबडी अल्लाचे नाव घेऊन कापली की नुसती मशीनवर, हे लिहिलेले नाही. जिलेटीन कोणत्या जनावराचे, तेही नाही. ते डुकराचेही असते आणि तिकडचे क्रोकेट, फ्रिकन्डेल हे तळलेले पदार्थ तर याहून संशयाचे, असे त्या दीडशहाण्याने तिथल्या तिथे सांगून टाकले. हुसेनभाई चूळ भरून गेले. त्या दिवसापासून ते अर्जदाराच्या ओट्यावर बसायला येत नाहीत.

४. खिडकीवरील साहेबांनी नमुना मागितला. नमुना उरला नाही साहेब, सगळ्यांच्या पोटात गेला. डबा आहे, पण सुगंधाबाईने, म्हणजे अर्जदाराच्या पत्नीने, तो राखेने घासून लख्ख केला. आता तपासणार काय, कपाळ! प्रेमने कंपनीला लिहिले. विचारल्याबद्दल आभार, एवढेच उत्तर आले. मौलाना म्हणाले, नकळत खाल्ले, गुन्हा नाही. हुसेनभाईही तेच म्हणतात : "जाऊ द्या, तुम्ही थोडंच जाणून केलं." त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर अर्जदाराला बिलकुल वाईट वाटले नसते.

५. गेल्या गुरुवारी कंदुरी झाली. हुसेनभाई आले, बकरे कापले, सुरी धुतली. पंगत बसल्यावर मात्र त्यांनी पिशवीतून घरची भाकर अन् ठेचा काढला. सुगंधाबाई म्हणाली, "अवो भाई, तुम्हीच तर कापलं!" ते म्हणाले, "पोट बराबर न्हाई, वहिनी." पोटाला काही झाले नव्हते साहेब. अर्जदाराला रडू आवरेना, म्हणून तो मेंढरांना पाणी दाखवायच्या निमित्ताने उठून गेला.

६. तरी सदर पदार्थ हलाल असल्यास तसा दाखला द्यावा. नसल्यास तसे लिहून द्यावे, म्हणजे माफी कशाची मागायची हे तरी ठरेल. दोन्ही आपल्या हातात नसेल, तर या अर्जावर पोच म्हणून शिक्का तरी मारून द्यावा. हुसेनभाईंना वाचता येत नाही, त्यामुळे शिक्क्याचा कागद अर्जदार त्यांना वाचून दाखवील. ऐकायला तरी ते घडीभर येऊन बसतील.

आपल्या शिक्क्याच्या आशेवर असलेला,
परमेश्वर बिरू खरात
वाटूर, दि. ११ नोव्हेंबर २०२५