साडेसहाचा टक्

सोम., १० नोव्हें.
परवा बाबांचं वर्षश्राद्ध झालं. वर्ष झालं म्हणून आता हॉल रंगवायचा. पेंटर बापू बघून गेले. "पोरी, भिंतीवरचं ते दोन डबं उतरून ठेव. आमच्या माणसाकडनं पडलं तर मला बोलायचं न्हाई." डबे! स्पीकर आहेत ते. बाबांनी स्वतः लावलेत, फाउंड्रीतनं सुट्टी काढून. म्हटलं, मीच काढणार, परत मीच लावणार. तीन व्हिडिओ बघितले. जाम एक्साइटेड.

मंगळ., ११
काढले! आधी अँप्लिफायर बंद, प्लगपण बाहेर. आई एकदम, "बंद कशाला केलीस?" वर्षभर ती अँप बंदच करू देत नाही. गाणी लावत नाही, नुसता लाल लाइट. "आई, चालू असताना वायरी एकमेकींना चिकटल्या तर जळंल की."
वायरींचे फोटो, प्लसला लाल टेप. एका हातात स्पीकर, दुसऱ्यानं स्क्रू. व्हिडिओत सोपं वाटतं. शिडी आईनं धरली.
उजव्याच्या मागं भिंतीवर बाबांची पेन्सिल. माप लिहिलेलं. त्याचा फोटो काढायचा होता. नाही काढला. का ते माहीत नाही.

शनि., १५
रंग झाला. पेन्सिलवर पुट्टी बसली.

रवि., १६
लावले. बाबांनी स्पीकरची वायर लाइटच्या वायरीसोबत एकाच पट्टीतनं नेलेली. चूक. त्यानं खरखर येते. मी नवी जाड वायर आणली, लांबून वेगळी पट्टी मारली. भोक पाडायच्या आधी भिंतीत लाइटची वायर नाही ना ते बघितलं. भोकात गिट्टी ठोकली, ब्रॅकेट घट्ट, ओढून बघितलं, जागचं हललं नाही. दोन्ही एका लेव्हलला.
आवाज!! एकदम क्लीन. फुल व्हॉल्यूमला पण खरखर नाही.
आई म्हणाली, "छान केलंस." बघत होती घड्याळाकडं.

सोम., १७
संध्याकाळी क्लास कॅन्सल, म्हणून घरी. साडेसहाला आई ट्रे घेऊन हॉलमध्ये. दोन कप. मी उचलायला गेले तर, "थांब. तो बाबांचा हाय."
मला वाटलं चुकून बोलली.
"रोज येत्यात. आलं की स्पीकरात टक् वाजतंय. आठवडा झाला, आलं न्हाईत."
साध्या आवाजात. भाजी काय करू विचारावं तसं.
बाबा शिफ्ट संपवून साडेसहाला यायचे. चप्पल काढायच्या आधी अँप चालू. टक्. मग गाणी.
चहा गार झाला. आईनं कुंडीत ओतला.

मंगळ., १८
शोधून काढलं. साडेसहाला नळाला पाणी येतं, खालचे शिंदेकाका मोटर चालू करतात. तो झटका लाइटच्या वायरीत, तिथनं शेजारच्या स्पीकरच्या वायरीत. टक्. माझ्या नव्या वायरीत येत नाही. बास, एवढंच आहे.
एवढंच आहे ना.
सांगायला किचनपर्यंत गेले. आई भाकरी थापत होती. मीठ मागितलं आणि परत आले.

बुध., १९
आई दिवसभर मुरगूडला मावशीकडं गेलती. क्लास बुडवला. प्लग काढला, नवी वायर उपसली, जुनी परत जुन्या पट्टीत, लाइटच्या वायरीला चिकटून. एवढ्या काळजीनं वाईट काम मी कधी केलं नव्हतं. शेवटी प्लग परत लावला.
आई आठला आली. पट्टीकडं बघितलं. मग किचनमध्ये गेली.

गुरु., २०
साडेसहा. पाणी आलं. मोटर. टक्.
मला सगळं माहीत असून अंगावर काटा आला.
आई जागची हलली नाही.
"आई, वाजलं की."
"ऐकलं."
"मग? चहा?"
"आत आलं न्हाईत. दारातच थांबल्यात. रागावल्यात." मग माझ्याकडं बघून, "तू काढलंस न्हवं, तूच बोलीव. तुझं ऐकत्यात ह्ये."
मी स्पीकरसमोर उभी. खाली मोटर घुमत होती, स्वच्छ ऐकू येत होती. शेवटी म्हटलं, "बाबा, या की आत."
आई कान देऊन बसलेली.
मीपण.