कोरड्या तलावातल्या फेऱ्या

४ जानेवारी
सकाळी सहाला तलावात उतरले. पाणी नाही म्हणूनच उतरता येतं. तळाची माती वाळून टणक. भेगा चुकवल्या तर शाळेच्या मैदानापेक्षा बरी. तीन फेऱ्या. चौथीला धाप. औरंगाबादला बी.ए.ला असताना आठशे मीटरमध्ये दुसरी आले होते. ते पाय कुठे गेले कोण जाणे.

यांचं म्हणणं, "चौसष्टाव्या वर्षी पळतीस. गुडघा गेला तर म्हशीखाली कोण बसणार?" म्हटलं, तुम्ही.

६ जानेवारी
दूध संस्थेच्या मंडळाची बैठक, चेअरमन मी. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं गावातल्या सात घरांनी ठेवून घेतलीत. या सांभाळघरांना मंडळ ज्वारी पुरवतं. कोठीत आता पंधरा दिवसांचीही नाही. मागायचं कोणाकडे? सगळं गावच टँकरच्या रांगेत.

शेवटी माझंच खरं केलं. मी तलावात पळणार. आमच्या महिला दूध संस्थेच्या सभासदांनी दर फेरीमागे घरटी एक शेर ज्वारी द्यायची. पुरवून पुरवून देतील, पण देतील. सचिव सुशीलाने विचारलं, "किती फेऱ्या धरायच्या, मॅडम?"
"आठ."
शेजारणीच्या कानात म्हणाली, "चार धर."
ऐकू आलं. गुडघा काही म्हणो, आठच.

९ जानेवारी
सात घरांपैकी रुक्मिणकडे गेले. तिच्याकडे पारूची दोन लेकरं, अश्विनी आणि धाकटा. पारू नवऱ्यासोबत कर्नाटकात उसाच्या फडावर. रुक्मिण चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "धाकट्याला ठिवते. अश्विनीला अठरा तारखंला मुकादमाच्या जीपमदी आईकडं लावून देते. दोगांचं पुरंना."

चिडले. सातवीत पहिली येणारी मुलगी. एकदा फडात गेली की शाळा संपली, कोयता हातात. सगळं सुनावलं.

"मला काय कळत न्हाई व्हय, मॅडम? पर ताटात काय वाडू?"

तरी आणखी चार शब्द बोललेच. तिचं स्वतःचं पोर त्या वेळी कोरडी भाकरी खात होतं. ते बाहेर पडल्यावर लक्षात आलं.

१३ जानेवारी
सहा फेऱ्या. गुडघा सुजला. यांनी मीठ तापवून फडक्यात बांधून शेकला. मग म्हशीखालीही स्वतःच बसले. म्हणजे काळजी असावी. उद्या संक्रांत, परवा विश्रांती, सोळाला पळायचं. अठराच्या आत ज्वारी जमली तर रुक्मिण कदाचित…

१६ जानेवारी
क्रमाने लिहिते, नाहीतर जमणार नाही.

सकाळी तलावाच्या बांधावर सगळं गाव. आत राखेने आखलेली फेरी. चार नीट झाल्या. पाचवीत गुडघा आखडला आणि मी मटकन खाली बसले. कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं. म्हणजे घरटी चारच शेर. सात घरांना ते किती दिवस?

सुशीला बांधावरून उतरली. पदर खोचला, चपला काढून ठेवल्या. "संस्था काय एकट्या चेअरमनची हाय? सभासद कशापायी बसलेत?" आणि पळत सुटली. तिच्या मागे चंद्रकला. मग पाच-सहाजणी. मग मोजता येईनात इतक्या.

मी ओरडले, "अगं, पळाल तितके शेर तुमच्याच कणगीतून जाणार आहेत! कळतंय का?"

चंद्रकला पळता पळता, "कळतंय की! बसल्या बसल्या मोजा तुमी!"

"मॅडमला आज पट मांडू द्या गं!" दुसरी कोणीतरी. तलावभर हसू.

एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, हजेरीच्या पटावर एक आकडा चुकला नाही. आज चाळीस फेऱ्यांच्या पुढे घोटाळा झाला. नळाला पाणी नाही, दुभतं आटलेलं, आणि या बायका स्वतःच्या घरातलं धान्य पळून पळून कमी करत होत्या. मी असं काही आयुष्यात पाहिलं नाही.

रुक्मिण कडेला उभी होती. ज्वारी तिच्याच घरी जायची, तिने पळायचं कारण नव्हतं. पळाली. डोक्यावर हंडा असल्यासारखी, मान जराही न हलवता. तीन फेऱ्या. मग माझ्यापुढे येऊन, "माजं तीन शेर लिवा. सुभद्राआजीकडं तीन लेकरं हायती, तिला द्या."

"तुझ्याकडेच नाही, तू कुठून देणार?"

"फेरीला येक ठरलंय न्हवं? मी तीन पळाले. लिवा."

लिहिले.

१७ जानेवारी
दूध संकलनाच्या खोलीत सकाळपासून टोपल्या. कोणी कबूल केल्यापेक्षा कमी आणलं नाही. सात वाटे केले. रुक्मिणचा वाटा तिच्या घरी पोचवला. तिने माझ्यासमोरच त्यातले तीन शेर सुभद्राआजीसाठी काढून बाजूला ठेवले.

राहिलेलं महिनाभर जाईल. ऊसतोड संपायला अडीच महिने तरी आहेत. हे तिलाही कळतं, मलाही. अश्विनीबद्दल विचारायचं ठरवून गेले होते. विचारलं नाही.

१८ जानेवारी
आठच्या आधी लिंबागणेशच्या फाट्यावर गेले. काठी टेकत. जीप उभी. मागे दोन बायका, एक म्हातारा, गाठोडी. रुक्मिण आणि अश्विनी रस्त्याच्या कडेला. मुलीच्या हातात कपड्यांचं बोचकं, पाठीवर दप्तर. दोन्ही.

ड्रायव्हर म्हणाला, "बसवा की बाई पोरीला. पल्ला लांबचाय."

"थांब जरा," रुक्मिण म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी दहा पावलांवर. शाळा, कायदा, वय, सगळं तोंडाशी आलं होतं. यातलं तिला काय ठाऊक नाही? परवा तलावात जे पाहिलं त्यानंतर या बाईला काही सांगायला माझी जीभ उचलेना. उभी राहिले.

तिने अश्विनीच्या हातातलं बोचकं घेतलं, स्वतःच्या कडेवर ठेवलं. दुसऱ्या हाताने मुलीचं मनगट धरलं आणि गावाकडे वळली.

मागे ड्रायव्हरने हॉर्न दिला.