मुदत संपलेल्या फिल्मचे रंग

४ फेब्रुवारी
शेवटी कॅमेरा घेतलाच! जुना, घडीचा. बटण दाबलं की पोटातून फोटो बाहेर. फोकस आपोआप, फ्लॅश आपोआप. बॅटरीसुद्धा फिल्मच्या पाकिटातच. म्हणजे फिल्म नाही तर कॅमेरा मेलेला. ही म्हणाली, तुमच्यासारखाच, सकाळचा चहा मिळेपर्यंत. दुर्लक्ष केलं.
संकल्प: दर आठवड्याला अप्पांचा एक फोटो. वडील आहेत तोवर आठवणी जमवाव्यात.

११ फेब्रुवारी
अप्पा खुर्चीत, मागे पांढरी भिंत. झकास! अप्पा जरा पिवळसर आलेत. पण दुकानदार म्हणालाच होता की कंपनीने ही फिल्म बनवणं कधीच बंद केलंय, उरल्यासुरल्या मालाची मुदत संपलीय, रंग दगा देतात. चालायचंच. यालाच विंटेज म्हणतात.

१८ फेब्रुवारी
अप्पा आणखी पिवळे. उजेडाचं चाक गडदकडे फिरवलं. आता गडद पिवळे. हिने विचारलं, मग भिंत कशी पांढरी आली? मी म्हणालो, भिंत हलत नाही. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. केमिस्ट्री सगळ्यांनाच कळते असं नाही.

२५ फेब्रुवारी
शेवटचं पाकीट फ्रीजमध्ये ठेवलं होतं. गरमीने रंग बिघडतात. हिने ते बाहेर काढून तिथे अप्पांचं सूप ठेवलं! परवाचंच सूप. अप्पा दोन चमच्यांपुढे जात नाहीत. म्हणतात पोट दुखतं, अंगाला खाज सुटते. हवा कोरडी आहे, दुसरं काय. ही म्हणते, डॉक्टरांकडे न्या. नेणार आहेच. पण रजा एकच शिल्लक आहे, आणि ही फिल्म तर वाया गेली.

४ मार्च
रजा काढली. एका छोट्या कंपनीने नव्याने फिल्म बनवायला घेतलीय, ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एकाच दुकानात मिळते. त्या दुकानदाराला अप्पांचे फोटो दाखवले. बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, साहेब, फिल्म पिवळी पडली की अख्खा फोटो पिवळा पडतो, एकटा माणूस नाही. मग पाकीट दिलं आणि म्हणाला, आज घरी लवकर जा. विचित्र माणूस. अशाने गिऱ्हाईक टिकतं का?

५ मार्च
ताजी फिल्म. हिला म्हटलं, आता बघच. फ्लॅशमध्ये अप्पा डोळे मिटतात, म्हणून ओरडलो, डोळे उघडे ठेवा. त्यांनी ठेवले.
फोटो उमटेपर्यंत तिघंही त्या कागदाकडे बघत बसलो. आधी भिंत आली, पांढरी. मग सदरा, पांढरा. मग चेहरा. मग डोळे, हळदीसारखे.
अप्पांनी विचारलं, बरा आलाय का रे? मी हो म्हणालो.

६ मार्च
डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? ही माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, फिल्म जुनी होती.
डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, कधीपासून?