लाइन ठरेपर्यंत केळी न लावण्याच्या तोंडी आदेशाबाबत

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता,
किनारपट्टी वीजवाहिनी नियोजन कक्ष,
वसई, जि. पालघर.

विषय : वरील तोंडी आदेश लेखी देणे अथवा मागे घेणे.
संदर्भ : माझे चार अर्ज व त्यांना आलेले एकच उत्तर, चार वेळा : ‘विचाराधीन’.

महोदय,

मी भुईगावची निवृत्त गणित शिक्षिका. पती स्टॅनी व मी वीस गुंठे वाडी करतो. जानेवारी २०२२ मध्ये आपले सर्वेअर श्री. हर्षवर्धन यांनी तीत लाल खुंटी ठोकली व म्हणाले, “टीचर, इथे टॉवर येणार. उंच वाढणारं काही लावू नका.” त्या वर्षी केळीची जुनी बाग संपली, ती आम्ही पुन्हा लावली नाही. सरकारी माणूस रंग घेऊन आला म्हणजे काहीतरी ठरले असेल, असा आमचा गैरसमज झाला.

दोन वर्षांनी मी आपणांस भेटले. आपण खुर्ची दिलीत (आभारी आहे) व समजावलेत की, आता वीज बाजारात विकली जाते. वीजप्रकल्प कुठे उभारायचा ते कंपन्या ठरवतात. प्रकल्पाआधी लाइन बांधली तर ती रिकामी लटकेल. मग मी अशा एका कंपनीत गेले. तिथले साहेब म्हणाले, “लाइन दिसल्याशिवाय आम्ही प्रकल्पाला हात लावत नाही.” म्हणजे आपण त्यांची वाट पाहता, ते आपली पाहतात आणि वाट लागते आमच्या वाडीची. वर्गात दोन मुले एकमेकांच्या वहीत डोकावून कोरी पाने देत, तेव्हा मी दोघांनाही शून्य देत असे. आपणांस गुण देण्याचा अधिकार मला नाही.

स्टॅनी तीन वर्षे रोज वाडीत जाऊन खुंटीकडे बघून परत येत. गेल्या मे महिन्यात म्हणाले, “क्लेमेंटीन, मी एकाहत्तरचा. साहेबांना दोन हजार पस्तीसची काळजी, मला या नाताळची.” मला माझीच लाज वाटली. जूनमध्ये आम्ही केळीचे एकशे चाळीस मुनवे लावले. खुंटीला खेटूनसुद्धा.

सप्टेंबरात श्री. हर्षवर्धन नव्या मोजणीला आले. केळी छातीला लागली होती. हळूच म्हणाले, “टीचर, मी काही पाहिलं नाही असं लिहितो.” मी म्हटले, “पाहिलंस असं लिही.” तर म्हणाले, “रकानाच नाही.” तक्त्यात २०३५ ची विजेची मागणी होती, २०४० ची होती, आज जमिनीवर काय उभे आहे, यासाठी जागा नव्हती. शेवटी बिचाऱ्यांनी समासात लिहिले : ‘केळी. चांगली आहेत.’

टॉवरला माझा विरोध नाही. दिवे मलाही लागतात. आपण सहीनिशी ठरवा, मी स्वतः कोयता घेऊन बाग मोकळी करून देईन. सही होईपर्यंत मात्र एक पानही तोडणार नाही.

आपली नम्र, परंतु आता वाट न पाहणारी,
क्लेमेंटीन स्टॅनी तुस्कानो
भुईगाव, दि. ६ ऑक्टोबर २०२५

सोबत : १) सातबारा उतारा. २) वाडीचा फोटो. डावीकडे हसत उभे आहेत ते माझे पती. केळीची उंची कळावी म्हणून उभे केले आहेत.