संत मोनिकेची अर्धी गोष्ट

॥ येशू, मरिया, योसेफ ॥

सोलापूर,
ता. ६ सप्टेंबर १९३१

ती. सौ. रुक्मिणीताई हिस,
धाकट्या मुकुंदाचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र आणि मानसिंग दाजींनी पाठवलेला स्क्रू पिळायचा पेचकस पोचला. प्रार्थनाघराची खिडकी कधीची लोंबकळत होती, ती त्याच दिवशी बसवली. शाळेत आता बावीस पोरं झाली. सकाळी बाराखडी, दुपारी धर्मपाठ. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात मला कुणीही 'ए मुकुंद' म्हणून हाक मारायचं, इथे गिरणीतली मोठमोठी माणसं 'मास्तर' म्हणतात. ऐकून अजून मागे वळून बघतो, कुणाला म्हणाले म्हणून. दुर्गा बरी आहे. माझ्या हातचा चहा तिच्या घशाखाली उतरत नाही, एवढी एकच तिची तक्रार.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. आमचे फादर पंधरवड्याने आगगाडीने येतात, हे तुला ठाऊक आहेच. गेल्या खेपेला स्टेशनावरून येताना टांगा कलंडला आणि वेदीवर मिस्सेच्या उपासनेला लागणारा द्राक्षारस रस्त्यावर सांडला. म्हणून या खेपेला त्यांनी दोन बाटल्या आणल्या आणि इथेच ठेवून गेले. प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत कपाट आहे, त्यात. त्याच खोलीत आम्ही राहतो. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले की तुमच्याइतका भरवशाचा माणूस मला या गावात दुसरा नाही.

ताई, मी भ्यालो आहे. परवाच्या ४ तारखेला सोळा महिने झाले, मी बोटांवर मोजले. गेल्या वर्षी ४ मेला, संत मोनिकेच्या सणाला, तू मला तिच्या तसबिरीपुढे उभं केलंस त्या दिवसापासून एक थेंब नाही. पण आता दुपारी शाळा सुटली की मी खोलीत बसू शकत नाही. स्टेशनावर जाऊन गाड्या बघत बसतो. दुर्गाला वाटतं मला कुर्डुवाडीची आठवण येते.

फादरांना सगळं सांगून टाकू का? त्यांना माझं मागचं काही ठाऊक नाही. शिफारसपत्रात 'नाजूक प्रकृतीमुळे कारखाना सोडला' एवढंच आहे. तू म्हणशील तसं करीन. लवकर लिही.

तुझा,
मुकुंद

कुर्डुवाडी,
ता. १० सप्टेंबर १९३१

चि. मुकुंद यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून माझी भाकरी तव्यावर करपली आणि तुझ्या दाजींना तशीच खावी लागली. त्याचा दोष तुझा.

फादरांना एक अक्षर सांगायचं नाही. सांगून काय होईल? नोकरी जाईल, नोकरीबरोबर ती खोली जाईल. आणि इथल्या म्हाताऱ्या फादरांनी ते शिफारसपत्र माझ्या शब्दावर लिहिलं, माझं तोंड कुणाला दाखवू? तुझं ते आजारपण बरं झालेलं आहे. बऱ्या झालेल्या आजाराची दवंडी कुणी पिटत नाही.

किल्ली आजच्या आज दुर्गाकडे दे. पोरगी शहाणी आहे. आणि संत मोनिकेची नऊ दिवसांची प्रार्थना कर. तिने सतरा वर्षं लेकासाठी रडून रडून देवाला जागं ठेवलं आणि वाया गेलेला लेक संत ऑगस्टीन झाला. आपली आई असती तर तीही अशीच रडली असती. आई नाही, म्हणून मी आहे. मी इथे रोज तुझ्यासाठी मेणबत्ती लावते.

घाबरू नकोस. मीही घाबरलेले नाही.

तुझी,
ताई

सोलापूर,
ता. १२ ऑक्टोबर १९३१

ती. सौ. वन्सं यांना,
दुर्गाचा शिर नमवून सलाम, वि. वि.

माझं अक्षर तुमच्यासारखं नाही, सांभाळून घ्या. तुमचं बोलणं नेहमी असतं की दुर्गाला दोन ओळी लिहायला दोन पावसाळे लागतात. आज बघा, पानभर लिहिते आहे.

किल्ली महिनाभर माझ्या पदराच्या गाठीला आहे. आंघोळीलासुद्धा सोडत नाही. तरी गेल्या आठवड्यात कपाट पुसताना मला दिसलं की कुलूप जसंच्या तसं, पण बिजागरीचे स्क्रू घासून पांढरे झालेत. यांचा हात फिटरचा. मी किल्लीने उघडून बघितलं. फादरांनी उघडलेली बाटली अर्ध्याच्या वर होती, ती तळाला गेलेली. दुसरी भरलेली होती, तिला मी हात लावला नाही. वन्सं, मी तिथेच जमिनीवर बसले.

यांना मी काही बोलले नाही. हे पण काही बोलत नाहीत. पूर्वी जेवताना चिडवायचे, आता खाली मान घालून जेवतात आणि भाजी अळणी असली तरी चांगली झाली म्हणतात. वन्सं, मला यांच्या पिण्यापेक्षा या गोड बोलण्याची भीती वाटते.

रविवारी फादर यायचे होते. मग मी बाजारातून पावशेर काळे मनुके आणले. उकळले, कुस्करले, दोनदा फडक्यातून गाळले आणि बाटली पूर्वी होती तिथपर्यंत भरली. रंग अगदी तसाच जमला. काल मिस्सा झाली. फादर एवढंच म्हणाले की सोलापूरच्या उन्हाने द्राक्षारस गुळचट झाला. मी दाराआड उभी होते, मला रडू आलं ते सुटकेचं.

आता सर्व मृतांचा दिवस येतो आहे. २ नोव्हेंबरला सकाळी गिरणीच्या भोंग्याआधी मिस्सा ठरली आहे. लोकांनी आपापल्या मेलेल्या माणसांची नावं दिलीत. एकतीस झाली. पहिलं नाव काशम्माच्या तिप्पण्णाचं. ती म्हातारी गिरणीत सूत गुंडाळते, गेल्या वर्षी लेक गेला. यांनी यादी सुंदर अक्षरात लिहून वेदीजवळ लावली आहे. तोवर आणखी मनुके आणून ठेवते.

मी चूक तर नाही ना केली? मनुका म्हणजे द्राक्षच की, वन्सं.

तुमची लेकरासारखी,
दुर्गा

कुर्डुवाडी,
ता. २६ ऑक्टोबर १९३१

चि. मुकुंद व चि. सौ. दुर्गा यांस आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र दोघांनी एकत्र वाचायचं आहे. मुकुंदा, दुर्गाने मला सगळं कळवलं आहे. तिच्यावर डोळे वटारशील तर माझ्याशी गाठ आहे.

दुर्गाचं पत्र येऊन बारा दिवस झाले. मी उत्तर दिलं नाही, कारण मी घाबरले. लहानपणी पुण्याच्या बोर्डिंगात मी सिस्टरांबरोबर वेदीची व्यवस्था लावायची, तेव्हाचं अर्धवट काही आठवत होतं आणि ते खरं असू नये असं वाटत होतं. शेवटी नावगाव न लिहिता मोठ्या सिस्टरांना विचारलं. त्यांचं उत्तर आज आलं. मनुके उकळलेलं पाणी हा द्राक्षारस नव्हे. तो वेदीवर ठेवला तर मिस्सा होतच नाही, कितीही मनापासून केली तरी. म्हणजे ११ तारखेची झाली नाही. कालचीही झाली नाही, आणि काल मी इथे हात जोडून बसले होते. दुर्गा, तू अजाणता केलंस. मी शंका येऊनही गप्प बसले.

आता त्या एकतीस नावांपुढे तेच पाणी ठेवायचं का? काशम्मा आपल्या लेकासाठी गुडघे टेकेल आणि समोर काहीच घडणार नाही, आणि ते फक्त तुम्हां दोघांना ठाऊक असेल. मला विचार करवत नाही.

सिस्टरांनी आणखी एक लिहिलं आहे. मी त्यांना विचारलं होतं की मोनिकेची प्रार्थना करूनही माणूस पुन्हा पडतो तो का. त्यांनी मलाच उलट विचारलं, की तुला मोनिकेची गोष्ट पुरी ठाऊक आहे का? मुकुंदा, मला नव्हती. मोनिका लहान असताना आईबाप तिला पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवत. भरवशाची पोर म्हणून. ती भांडं भरायच्या आधी ओठ लावायची, नुसता खोडकरपणा. आज घोट, उद्या दोन घोट, असं करत ती पेले रिचवू लागली. घरात कुणाला पत्ता नाही. बरोबर जाणाऱ्या मोलकरणीला तेवढं ठाऊक होतं, आणि एक दिवस भांडणात तिने मोनिकेला तोंडावर म्हटलं की तू पिणारी आहेस. तो शब्द तिला असा लागला की तिने त्या दिवसापासून सोडली. रडणारी आई ती फार पुढे झाली.

मी तुला दीड वर्ष अर्धीच गोष्ट सांगत आले. तसबिरीतली बाई तुझ्याकडे बघून रडते असं तुला वाटत असेल. ती तुझ्याच जागी उभी राहून गेलेली आहे.

२ तारखेच्या आत फादरांना सांग. नोकरी गेली, खोली गेली, तर आमच्या खोलीत दोन पथाऱ्या मावतील. मी तुला गप्प बस म्हणाले ते चुकले. तू हे पत्र वाचून कुठे निघून जाशील का, या भीतीने मला जेवण जात नाही. निघून जाऊ नकोस.

तुझी,
ताई

सोलापूर,
ता. ३ नोव्हेंबर १९३१

ती. सौ. ताई हिस सप्रेम सलाम, वि. वि.

मी इथेच आहे. आधी हे लिहितो, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

फादर रविवारी दुपारी आले. तेव्हाच सांगायचं ठरवलं होतं. तीनदा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि तीनदा पाणी हवं का विचारून परत आलो. सोमवारी सकाळी प्रार्थनाघर भरलं. गिरणीतली माणसं कामाच्या कपड्यांतच आली होती. यादीखाली मेणबत्त्या लागल्या. फादरांनी मला बाटली आणायला सांगितलं. मी मागे गेलो, बाटलीला हात लावला आणि मला ती उचलवेना. फादर बघायला आले.

मग सांगितलं. यात मनुक्यांचं पाणी आहे, दुर्गाने माझ्यासाठी घातलं, बाकीचं मी प्यालो. त्यांनी दुसरी बाटली मागितली. दुर्गाला वाटत होतं ती भरलेली आहे. ताई, ती मी सप्टेंबरातच रिकामी करून कोरा चहा भरून ठेवला होता. गिरणीमागच्या गुत्त्यावरही दोनदा जाऊन आलो. दुर्गा दारात उभी होती. पदराची किल्ली सोडून तिने कपाटावर ठेवली.

फादर आमच्या ट्रंकेवर बसले. गावात दुसरा द्राक्षारस नाही, म्हणजे मिस्सा नाही. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले की तुम्ही इथेच थांबा, द्राक्षारस नासला असं मी लोकांना सांगतो. ताई, किती मायेने म्हणाले. आणि मला दिसलं की आता हेही माझ्यासाठी पाणी घालायला निघालेत. मी नको म्हणालो. मी स्वतः बाहेर गेलो.

काय बोललो ते नीट आठवत नाही. आज मिस्सा होणार नाही, मागच्या दोन झाल्या नाहीत, दोष माझा, मला आजारपण आहे, असं काहीतरी. कुणी हललं नाही. मला वाटलं आता मारतील, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मग पुढे बसलेली काशम्मा उठली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो.

"मास्तर, आजार कसला? तू दारुडा हाईस, सरळ म्हन की. माजा तिप्पण्णाबी दारुडाच हुता. त्यो मरंस्तोवर मी लोकास्नी त्याला ताप आलाय असंच सांगत हुते."

मी म्हणालो, व्हय, मी दारुडा आहे. तोंडातून गावचंच 'व्हय' निघालं. काशम्मा खाली बसली आणि तिनेच जपमाळ सुरू केली. भोंगा झाल्यावर सगळे कामाला गेले. माझ्याशी कुणी बोललं नाही. गिरणीतला मुकादम, मल्लप्पा जॉबर, त्याने आपली दोन्ही पोरं शाळेतून काढली.

फादर वरती लिहिणार आहेत. निकाल यायला महिना लागेल, तोवर शाळा चालवा म्हणाले. रविवारी द्राक्षारस घेऊन परत येणार आहेत, आणि मृतांची मिस्सा तेव्हा होईल. बाटली यापुढे त्यांच्याच पिशवीत राहील. शिफारसपत्र कुणी लिहवून घेतलं हे त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं नाही.

सोडली असं मी या पत्रात लिहीत नाही. तसं मागे एकदा लिहिलं होतं. काल घेतली नाही, आज अजून घेतली नाही. गुत्त्याच्या रस्त्याने जावं लागू नये म्हणून भाजी दुर्गा आणते. मोनिकेला त्या मोलकरणीचा राग आला असेल का, याचा विचार करतो. मला काशम्माचा आला नाही. तू मला तो शब्द कधीच म्हणाली नाहीस, आणि मला वाटायचं मी तो आहे हे तुला ठाऊकच नाही.

तुझा,
मुकुंद

कुर्डुवाडी,
ता. ६ नोव्हेंबर १९३१

चि. मुकुंद यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या दाजींनी रजा मागितली आहे. शनिवारच्या गाडीने आम्ही दोघं येतो. रविवारी मी काशम्माजवळ बसणार आहे. तिला काय बोलावं ते मला सुचलेलं नाही. दुर्गाला सांग, स्वयंपाकाची धावपळ करू नकोस, आणि मी तिच्यावर रागावलेले नाही. राग आहे तो माझा माझ्यावर.

मला भीती वाटते, मुकुंदा. सप्टेंबरात वाटत नाही म्हणून लिहिलं होतं, ते खोटं होतं. तू उद्या घेशील अशी भीती वाटते आणि परवाही वाटेल. ती घेऊनच येते आहे.

सोबत फादरांच्या नावाचं पत्र आहे. लखोटा मुद्दाम चिकटवलेला नाही. तू वाच, दुर्गाला वाचून दाखव, आणि तुझ्या हाताने त्यांना दे. लिहायला मला तीन कागद लागले, कारण पहिल्या ओळीशीच हात अडत होता. शेवटी ती अशी लिहिली: "माझा धाकटा भाऊ मुकुंद दारुडा आहे. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं आणि तुमच्यापासून ते मी लपवलं."

लोभ आहेच, तो तू मागायचा नाहीस.

तुझी,
ताई