पिवळ्या पाण्याची बिल्टी

११ एप्रिल १९८३, सोमवार

सासऱ्यांचं पत्र. धंतोलीतल्या दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन, २० मेला. नंतर पंधरा दिवस मुक्काम आमच्याकडे, वाडीला. गेल्या मेमध्ये चंपतराव आमच्या खोलीत दोन रात्री राहिले आणि जाताना चार लोकांत म्हणाले, जावईबापू, तुमच्या खोलीपेक्षा आमच्या संत्र्याच्या झाडाखाली थंड असते. मी हे विसरलेलो नाही.

उलट टपाली उत्तर लिहिलं: यंदा कूलर घेतला आहे, निर्धास्त या.

इनलँड पत्र चिकटवण्याआधी कौशल्येने वाचलं. विचारलं, अजी, कुठी आहे कूलर? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. बायकांना प्रोसेस समजत नाही.

१२ एप्रिल, मंगळवार

इतवारीच्या बाजारात चौकशी केली. पत्र्याचा कूलर, पंपासकट चारशे. शिल्लक: नाही. ऑफिसात ओव्हरटाइम मागितला. मॅनेजर म्हणाले, आधी टाइमावर या.

१४ एप्रिल, गुरुवार

आमच्या गोडाऊनचा हमाल कवडू मधूनच अर्धा दिवस कुठे गायब होतो ते आज कळलं. धंतोलीतल्या एका प्रायव्हेट रक्तपेढीत. तिथे बाटलीभर रक्त काढतात, मशीनमध्ये गरगर फिरवतात, वर येणारं पिवळं पाणी ठेवून घेतात आणि लाल माल परत आपल्याच अंगात सोडतात. पाण्याला प्लाझ्मा म्हणतात. चाळीस रुपये रोख. आठवड्यातून दोनदा चालतं.

दहा खेपा, चारशे रुपये. कूलर.

बारा वर्षं ट्रान्सपोर्टमध्ये आहे, पण माल पाठवायचा, वर पैसे घ्यायचे आणि माल परत घरपोच, असा धंदा पाहिला नव्हता. कवडूला म्हटलं, मीही येतो. तो म्हणाला, बाबूजी, तुमाले जमन काय? तुमी तं आंगानं... आणि वाक्य अर्धवट सोडलं. संकोची माणूस आहे.

१५ एप्रिल, सकाळी ६

आजपासून: रोज बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे. चहा बंद. पहाटे फिरणं.

रात्री ९. चहा फक्त तीनदा. बीट मिळालं नाही, बीटाच्या रंगाचं सरबत घेतलं. फिरणं सोमवारपासून, कारण उद्या शनिवार. कौशल्येला सांगितलं आहे की ओव्हरटाइम सुरू झाला. ती म्हणाली, बरं.

१९ एप्रिल, मंगळवार

पहिली भेट. वजन पंचेचाळीस किलो पाहिजे म्हणे. माझं त्रेचाळीस. हे मला अपेक्षित होतं, म्हणून गोडाऊनच्या काट्यावरची एक-एक किलोची दोन लोखंडी वजनं पँटच्या खिशांत घालून गेलो होतो. आमच्याकडे व्यापारी भाडं वाचवायला वजन कमी लिहून देतात. जास्त दाखवणारा या लाइनीत मीच पहिला.

काट्यावर उभा राहिलो. पट्टा जुना आहे. पँट खाली आली.

सिस्टर प्रेमलता हसल्या नाहीत, हे त्यांच्या नोकरीला शोभून दिसलं. म्हणाल्या, भाऊ, जेवून या.

२३ एप्रिल, शनिवार

जेवून गेलो. पाच भाकरी, झुणका, अर्धा डझन केळी, वर एक तांब्या पाणी. वजन पंचेचाळीस आणि थोडं वर. खिशात वजनं न घालता मिळालेलं यश.

मग बोटाला टोचून एक थेंब निळ्या पाण्यात टाकला. कवडूचा थेंब माझ्याआधी टाकला होता, तो ट्रकवरून पोतं पडावं तसा सरळ तळाला गेला. माझा थेंब वर तरंगत राहिला. सिस्टरनी दुसऱ्या सिस्टरला बोलावून दाखवला. दोघी बराच वेळ पाहत होत्या. अंगमेहनतीच्या माणसाचं रक्त जड, डोक्याने काम करणाऱ्याचं हलकं, हा फरक त्यांच्याही लक्षात आला असावा.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. एवढा हलका माल त्यांना लगेच वापरायचा नसेल.

बाहेर आल्यावर कवडू म्हणाला, बाबूजी, थेंब बुडाले पायजे, तवाच घेतात. त्याला सायन्सचं काय माहीत.

३ मे, मंगळवार

ऊन चव्वेचाळीस. गोळ्या नियमित घेतो (चार दिवस सोडून). पोटाबद्दल इथे लिहीत नाही.

सासऱ्यांचं दुसरं पत्र. घरात कूलर असल्यामुळे सासूबाई जिजाबाईही येत आहेत. शिवाय शेजारचे बापूजी, त्यांचाही मोतीबिंदू त्याच दिवशी काढू म्हणतात. कूलरची हवा तिघांना पुरेल ना, असं विचारलं आहे. उत्तर: आरामात पुरेल.

आता दहा खेपांना वेळ उरलेला नाही. पण जाणकारांकडून ऐकलंय की चांगल्या मालाला जादा भाव देतात. जाणकार म्हणजे पानठेलेवाला.

६ मे, शुक्रवार

उद्या पक्कं. एकच काळजी. लाल माल परत देताना त्यांनी अदलाबदल केली तर? मी बिल्टी क्लार्क आहे. ट्रकवर चढणाऱ्या प्रत्येक नगाची पावती मी फाडतो, तरी गेल्याच महिन्यात अकोल्याची साखर अमरावतीला उतरली. साखर परत आणता येते. दुसऱ्याचं रक्त अंगात गेल्यावर कोणाकडे क्लेम करायचा?

म्हणून ऑफिसच्या बुकातून एक बिल्टी फाडून तयार केली. पाठवणार: स्वतः. घेणार: स्वतः. माल: रक्त, एक बाटली, त्यातलं पिवळं पाणी कापून घ्यावं, लाल परत. मालकाच्या जोखमीवर. सिस्टरची सही घ्यायला खाली जागा सोडली आहे.

७ मे, शनिवार

थेंब मधोमध थांबला, विचार केला आणि सावकाश खाली बसला. पास. खाटेवर झोपवलं. बिल्टी काढून सिस्टरना सही मागितली. त्या म्हणाल्या, आधी मूठ आवळा. दंडाला रबराची नळी बांधली. शेजारच्या खाटेवर कवडूची बाटली भरत होती, ती मी पाहिली.

नंतर वीस मिनिटं मी डोळे मिटून विचार करत होतो.

सुई टोचली की नाही याबद्दल दोन मतं आहेत. माझं मत: टोचली. सिस्टरचं मत: सुईचं पाकीट फोडलंच नव्हतं. पैसे मिळाले नाहीत. लिंबूपाणी मिळालं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा येऊ नका, आणि आलात तर रक्त द्यायला नको, घ्यायला या.

कवडूने पाठीवर घेऊन रिक्षापर्यंत नेलं. रिक्षाचं भाडंही त्यानेच दिलं. रस्त्यात तीन लोकांनी विचारलं, कोण गेलं?

९ मे, सोमवार

कौशल्येने पँट धुतली. बिल्टी खिशात राहिली होती, लगदा झाला. वाचता आली नसावी.

आज तिने न मागता अंडं उकडून दिलं. ओव्हरटाइमचा परिणाम.

१४ मे, शनिवार

ठराव: सासऱ्यांना खरं सांगायचं. कूलर दुरुस्तीला गेला आहे असं.

१८ मे, बुधवार

वरुडहून ट्रक आला. यादी वाचत होतो. संत्री नाहीत, सीझन नाही. कापूस नाही. एक नग, कूलर, नवा. पाठवणार: चंपतराव, वरुड. घेणार: सौ. कौशल्या, वाडी. भाडं: टू-पे, रुपये बावीस.

तीनदा वाचलं. टू-पे म्हणजे घेणाऱ्याने भाडं भरायचं, नाहीतर माल सुटत नाही. तशी पाटी भिंतीवर लावली आहे. अक्षर माझं आहे.

खिशात चार रुपये. कवडू ट्रकवरच उभा होता. काही न विचारता खाली उतरला, बनियनच्या आतून घडी घातलेल्या नोटा काढल्या आणि बावीस मोजून टेबलावर ठेवले. सकाळी धंतोलीला जाऊन आला होता. कोपरात कापूस अजून चिकटलेला. मी पावती फाडली. मग दोघांनी हातगाडीवरून कूलर घरी नेला. ढकलला मुख्यतः त्यानेच.

घरी गेल्यावर कौशल्येला विचारलं. ती म्हणाली, मीच बाबाले लिवलं. बिल्टी वाचून मंग पँट भिजवली होती मी. अजी, रक्त विकाले काहून गेले तुमी? एका कूलरपायी? मी म्हटलं, रक्त नाही, प्लाझ्मा. तेव्हा ती रडायला लागली. बारा वर्षांत तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून कूलरमध्ये पाणी भरलं.

१९ मे, गुरुवार

मंडळी आली. सासरे कूलरसमोर उभे राहिले, डोळ्यांना नीट दिसत नसूनही चारही बाजूंनी हात फिरवला आणि मोठ्याने म्हणाले, पाय गा बापूजी, आमच्या जावयानं घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही. सासूबाई म्हणाल्या, लय थंड हवा सोडून राहिला. बापूजींनी किंमत विचारली. मी सांगायला तोंड उघडलं, कौशल्येने पाहिलं, मी बंद केलं.

संध्याकाळी गोडाऊनला जाऊन कवडूला म्हटलं, बावीस रुपये एक तारखेला नक्की. आधी रिक्षाचे विसरलो होतो, तेही. तो पोतं पाठीवर घेत म्हणाला, राहू द्या बाबूजी, शनिवारी धंतोलीत माहा नंबर आहे पुन्हा.

मी बरं म्हटलं. कूलर चंपतरावांच्या संत्र्यांवर आणि कवडूच्या पिवळ्या पाण्यावर घरी आला, हे इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे सांगायची हिंमत नाही.